गव्याचं चित्र फोटोसारखंच होतंय

प्रश्न : मी कोल्हापुरात पेंटिंग शिकते. राधानगरीचा गवा काढला की सर म्हणतात, फोटोची कॉपी वाटते. काय करू?

उत्तर : अगं, गवा एकटाच काढू नकोस, त्याचं जंगल पण काढ! राधानगरीचं हे दाजीपूर अभयारण्य १९५८ साली गव्यासाठीच झालं, पण त्यामुळे तिथलं गवत, बांबू, धनेश पक्षी (हॉर्नबिल) सगळंच वाचलं ना. धनेश उंबर खातो, बिया लांब नेऊन टाकतो, तिथे नवं झाड येतं आणि हे सगळं एकाच कॅनव्हासवर आलं तर बघणाऱ्याला कळतं जंगल कसं चालतं ते, माझ्या मते खरा विषय तोच आहे. गव्याचे गुडघ्याखालचे पांढरट पाय मात्र नीट बघून काढ. स्केच दुर्बिणीतून, लांबूनच कर, धनेशाच्या ढोलीजवळ तर अजिबात जायचं नाही, आत मादी आणि पिल्लं असतात.