बाबा घरी यायचं म्हटलं की गप्प का होतात?

“इतके दिवस ‘मला घरी न्या’ म्हणून मागे लागले होते. डिस्चार्जची तारीख ठरली आणि जेवण कमी झालं, व्यायाम घ्यायला आलेल्या मुलीवर खेकसले. आम्ही नकोसे झालोय का त्यांना?” लष्करातून निवृत्त झालेल्या, मांडीचं हाड मोडल्यामुळे काही महिने शुश्रूषा केंद्रात राहिलेल्या एका गृहस्थांच्या मुलीचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) माजी सैनिकांच्या घरून तो वारंवार येतो.

अशा वेळी मनाकडे वळण्याआधी शरीर तपासून घ्यावं लागतं. वागण्यातला बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला असेल, सकाळी बरं नि संध्याकाळी भ्रमिष्टासारखं असं चालू असेल, बोलताना लक्ष टिकत नसेल, तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवं औषध यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकतं. अशी माणसं आरडाओरडा करतातच असं नाही. कित्येक जण नुसते निपचित पडून राहतात आणि घरचे त्याला उदासी समजतात. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं.

इथे तसं नव्हतं. वृद्धांमधलं नैराश्य तपासायची 15 प्रश्नांची चाचणी घेतली, गुण आले 8. 5 किंवा अधिक आले की पुढची तपासणी करायची असते. “उदास वाटतं का?” याला त्यांचं उत्तर “अजिबात नाही” होतं. “आपला काही उपयोग उरला नाही असं वाटतं का?” यावर मात्र ते म्हणाले, “इथे निदान हजेरी तरी लागते. घरी माझी ड्यूटी काय?”

गुंता होता तो इथे. परिचारिका सहाला यायची, त्याआधी दाढी करून, पांघरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा लावून हे तयार बसायचे. औषध, व्यायाम, जेवण, सगळं घड्याळाबरहुकूम. शेजारच्या खाटेवर दुसरा माजी सैनिक. घरी प्रेम होतं, पण सगळे आठला उठणारे आणि “बाबा, तुम्ही फक्त आराम करा” म्हणणारे. फौजेतून निवृत्त होताना जे हातचं गेलं होतं, ते दुसऱ्यांदा जाणार होतं. नकोसं काही झालं असेल तर ते घरच्यांचं “आराम करा”.

म्हणून डिस्चार्जच्या आधीच घरचं वेळापत्रक त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. उठण्याची वेळ तीच, आणि दिवसाला दोन कामं खरीखुरी, ज्यांच्यावाचून घरात कुणाचं तरी अडेल: बिलांचा हिशेब आणि नातवाचा अभ्यास. खोटी कामं देऊ नका, सैनिकाला ती लगेच कळतात. शेजारच्या खाटेवरच्या मित्राचा फोन आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी.

औषधांच्या यादीत घोटाळा हमखास होतो. केंद्रातली यादी आणि डिस्चार्जच्या कागदावरची यादी शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहा. नैराश्यावरची गोळी नव्या कागदावर उतरवायची राहून गेली, तर काही दिवसांत चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते. झोपेची गोळी रोजची असेल तर ती एकदम बंद करणं धोक्याचं. नैराश्यावरची गोळी नव्याने सुरू केली असेल, तर वयस्कांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं. गुंगी, गोंधळ किंवा पडणं दिसलं तर वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. एरवीही पहिल्या दोन ते चार आठवड्यांत सोडियम तपासायला डॉक्टरांना सांगा. दारूचंही तेच. काही महिने बंद असल्याने सहनशक्ती घटलेली असते; जुनाच पेग आणि झोपेची गोळी एकत्र झाली की तोल जातो, श्वासही मंदावतो.

जुन्या लढाईची स्वप्नं म्हातारपणी, दुखणं आलं की पुन्हा डोकं वर काढतात. झोपेत ओरडले तर हलवून उठवू नका. पायथ्याशी, हाताच्या अंतराबाहेर उभं राहून नावाने हाक मारा, दिवा लावा, “तुम्ही घरी आहात, मी अमुक” एवढंच सांगा. काय दिसलं ते खोदून विचारू नका.

मुलीला सर्वांत अवघड गेला तो आत्महत्येचा विषय. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. “जगू नये असं वाटतं का?” असं सरळ विचारावं. घरात बंदूक असेल तर ती काही काळ घराबाहेर, सुरक्षित जागी ठेवावी. ते शक्य नसेल तर कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. गोळ्यांचा साठाही एका आठवड्यापुरताच हाताशी. शिवाय एका पानावर, त्यांच्याच शब्दांत: बिघडायला लागल्याची खूण कोणती, एकट्याने काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, मदत कुणाला मागायची, डॉक्टरांचा आणि तातडीच्या सेवेचा नंबर, घरातलं काय दूर ठेवायचं. हे पान फोनजवळ ठेवायचं.

केंद्रातून निघण्याआधीच सात दिवसांच्या आतली समुपदेशनाची वेळ हातात असावी. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांची वर्दळ असते, त्यात बरंच झाकलं जातं. घसरण बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, घर शांत झाल्यावर दिसते. दाढी राहून जाते, मित्राचा फोन घेतला जात नाही. सलग दोन-तीन दिवस असं झालं तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता फोन करा. आणि जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर त्यांना एकटं न सोडता त्याच क्षणी.