वाचकांचे प्रश्न: पोस्टरवर नाव आणि हातात मानधन, दोन्ही हवं

प्रश्न: मी २२ वर्षांचा आहे, बीकॉम झालंय, सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. गणपती, नवरात्र, लग्नसराईत हळदी एवढ्यापुरतं काम असतं, बाकी वर्ष शुकशुकाट. आमच्याकडे गाणारी, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवणारी, व्हिडिओ एडिट करणारी बरीच पोरं आहेत. सगळ्यांनी मिळून मोठा म्युझिक फेस्टिवल करायचा, पुण्या-मुंबईचा एखादा नावाजलेला गायक आणायचा असं चाललंय, स्पॉन्सर शोधतोय. यातून करिअर होईल का? घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे.
— एक वाचक, सातारा

उत्तर: होईल रे, पण नावाजलेला गायक आणून नाही होणार. हिशोब मांडून बघ, स्पॉन्सरचे पैसे गायकाच्या मानधनात, त्याच्या हॉटेलात आणि पुण्याहून आलेल्या साउंड-लाइटवाल्याला जाणार, आणि तुमची पोरं काय करणार तर खुर्च्या लावणार, पास वाटणार, पाण्याच्या बाटल्या पोचवणार. दुसऱ्या दिवशी गायक गेला की तुमच्याकडे फक्त सेल्फी उरतात, आणि त्या रात्री पाऊस आला तर कर्जही.

त्यापेक्षा दर महिन्याला छोटा कार्यक्रम करा, ठरलेल्या शनिवारी, वाचनालयाच्या नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये, आणि गाणी शक्यतो तुमची स्वतःची. समजा शंभर रुपयाचं तिकीट आणि ८० लोक आले, म्हणजे ८००० झाले. त्यात हॉल १५००, साउंड ३०००, कलाकारांना मिळून २०००, उरले १५००, ते तीन पोरांना पाचशे-पाचशे, एक साउंडवर, एक स्टेज मॅनेजर, एक व्हिडिओवाला. पाचशे म्हणजे काहीच नाही हे मला कळतं, पण ते द्यायचेच, कारण फुकट केलेलं काम मदत म्हणून मोजलं जातं आणि पाचशे घेऊन केलेलं काम अनुभव म्हणून सांगता येतं. पोस्टरवर खाली प्रत्येकाचं नाव आणि काम छापा. वर्षभरात त्या स्टेज मॅनेजर पोराकडे बारा कार्यक्रमांचे क्यू-शीट (कुठल्या क्षणी स्टेजवर काय करायचं याची यादी) जमतील, ते घेऊन तो पुण्यातल्या इव्हेंटवाल्याकडे गेला तर दारातून परत पाठवणार नाहीत.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आज एवढा मोठा दिसतो, पण १९५३ साली भीमसेनजींनी तो गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केला आणि वर्षानुवर्षं टिकवला. नव्या कलाकाराला तिथं मोठ्या लोकांच्या बरोबरीने बसायला मिळतं म्हणून तर त्या स्टेजला वजन आहे. कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचा पुरुषोत्तम करंडकही १९६३ पासूनचा, त्यातून मराठी नाटक-सिनेमाला किती माणसं मिळाली बघ. आणि धारावीत द धारावी ड्रीम प्रोजेक्टची हिपहॉपची शाळाच आहे, वस्तीतल्या मुलांना रॅप, बीटबॉक्सिंग, ब्रेकडान्स शिकवतात, म्हणजे आधी पोरं तयार होतात. मला हाच क्रम बरोबर वाटतो.

परवानगीचं आधी बघा. लाउडस्पीकरसाठी पोलीस स्टेशनला अर्ज द्यायचा आणि रात्री दहाला उघड्यावरचा आवाज बंद म्हणजे बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सरकारने जाहीर केलेले असतात, आपण ठरवायचे नसतात. सिनेमाची गाणी लाइव्ह गाणार असाल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं लायसन्स लागतं, रेकॉर्ड वाजवणार असाल तर रेकॉर्डिंगच्या मालकाचं वेगळं.

बँकेची परीक्षा दे, खरंच दे. पहिली दोन-तीन वर्षं यातून घर चालणार नाही आणि घरच्यांची काळजी अगदी रास्त आहे. शनिवार मात्र सोडू नकोस.

प्रश्न: माझी मुलगी कॉलेजच्या फेस्टमध्ये साउंड बघायची, आता तिला तेच काम करायचंय. रात्री-अपरात्री येते, सगळी पुरुष मंडळी, शिवाय सतत तो आवाज. काय करावं?
— एक आई, नाशिक

उत्तर: ताई, तुमची भीती बरोबर आहे आणि मुलीची निवडही. गाणाऱ्या मुली पुष्कळ, पण मिक्सरवर बसलेली मुलगी अजूनही कमी दिसते आणि चांगल्या साउंड इंजिनियरला कामाची कमी नसते. सुरुवात केबल नीट गुंडाळण्यापासून होते, मग माइक लावणं, मग मॉनिटर (कलाकाराला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेले स्पीकर), मग मेन मिक्सिंग, त्याला काही वर्षं जातात. पुढे शिकायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला साउंडचा कोर्स आहे.

रात्रीचं म्हणाल तर घरी सोडायची गाडी हा मानधनाचाच भाग आहे, काम घेतानाच मेसेजवर लिहून घ्यायचा, मागून मागायचा नाही. जो हे लिहून द्यायला कां-कूं करतो त्याचं काम घेऊच नये.

आणि कान! याबद्दल मला फार कळकळीने सांगायचंय, कारण आपल्याकडे ढोल-डीजेसमोर तासन्‌तास उभी असलेली पोरं बघवत नाहीत. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. तिला पहिल्या कमाईतून चांगले इअरप्लग घ्यायला लावा, आणि दरवर्षी कानाची तपासणी.

प्रश्न: माझ्या गाण्याचे शब्द आणि चाल माझीच आहे. एक लेबल १५००० रुपये देऊन सगळे हक्क कायमचे मागतंय. सही करू का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आज नको. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, त्यामुळे हक्क विकले तरी गीतकार आणि संगीतकार म्हणून तुझा रॉयल्टीतला, म्हणजे गाणं वापरल्यावर मिळणाऱ्या पैशातला, समान वाटा तुझाच राहतो, तो लेबलला लिहून देता येत नाही, वारसांना किंवा आयपीआरएससारख्या सोसायटीलाच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ते 'कायमचे' आणि 'जगभर' हे शब्द घालतात. तू ते खोडून मुदत माग, गाणं वर्षभरात रिलीज झालं नाही तर हक्क परत असंही लिहून घे आणि आयपीआरएसचा सदस्य हो. गीतकार आणि संगीतकार म्हणून तुझं नाव प्रत्येक प्लॅटफॉर्मवर आलंच पाहिजे ही अटही घाल. एवढं करून कागद एकदा वकिलाला दाखव, त्याची फी बहुधा १५००० पेक्षा कमीच असेल.