"मॅडम, मला त्या बाळाचा राग आला"

पाळणाघरात नाहीतर बालवाडीत काम शिकायला लागलेल्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा पहिल्या भेटीत बहुतेकजणी भलतंच काहीतरी सांगतात. झोप लागत नाही, डोकं दुखतं, ट्रेनचा प्रवास झेपत नाही. खरी गोष्ट दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, निघता निघता बाहेर पडते. हिचंही तसंच झालं. दारात एका चपलेचा पट्टा लावून झाला, दुसरा लावायला वाकली आणि वाकलेलीच म्हणाली, "मॅडम, मला त्या बाळाचा राग आला. खूप राग आला."

मी तिला परत आत बोलावलं.

तिची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पाळणाघरातली मुलं तिला छोटी ताई म्हणतात, कारण तिथे अठरा वर्षं मुलं सांभाळणाऱ्या बाई मोठी ताई आहेत. मीही इथे तिला छोटी ताईच म्हणते. वय वीस. राहायला कळव्याला. बारावीनंतर बालसंगोपनाचा कोर्स केला आणि आता लोअर परळच्या एका पाळणाघरात शिकाऊ म्हणून लागली होती. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या ऑफिसांमध्ये काम करणाऱ्या आयांची मुलं तिथे असतात. तिला लागून तीन महिने झाले होते.

झालं होतं ते असं. दुपारचा सव्वाबाराचा सुमार, डबे उघडण्याची वेळ. अकरा मुलं आणि दोघीजणी. तिसऱ्या मावशी त्या दिवशी रजेवर. छोटी ताईसमोर दोन वर्षांचा एक मुलगा वरणभाताची वाटी घेऊन बसलेला. त्याच्या आईचा रोज मोबाइलवर प्रश्न यायचा, डबा पूर्ण संपवला का? मुलानं पहिला घास थुंकला. दुसरा थुंकला. पलीकडे एकीला शी लागली होती, एकजण ताटात पाणी ओतत होता. तिसरा घास हिच्या ओढणीवर आला, आणि हिचं डोकं सणकलं. डाव्या हातानं त्याचं मनगट घट्ट आवळलं आणि उजव्या हातानं चमचा तोंडात कोंबला.

"तो रडला नाही मॅडम. गप्पच झाला. माझ्याकडे बघत राहिला."

मनगटावर तीन बोटांचे लाल वळ उठले होते. तिनं ओला नॅपकिन धरला. पाचेक मिनिटांत ते गेले. मोठी ताई तेव्हा बाथरूममध्ये दुसऱ्या मुलीला धूत होत्या. कुणी पाहिलं नाही, आणि हिनं नऊ दिवस कुणाला सांगितलं नाही.

मी आधी दोन गोष्टी केल्या. पहिली, तिला आठवण करून दिली की आमच्या व्यवसायात गुप्तता पाळतात, पण एखाद्या मुलाला इजा होण्याचा धोका असेल तिथे ती संपते. हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं असतं, तरी अशा वेळी पुन्हा सांगावं लागतं. दुसरी, मी नेमकं विचारलं, मनगट नुसतं धरलंस की हाताला झटका देऊन ओढलंस? पाच वर्षांखालच्या मुलाचा हात मनगटाला धरून झटकन ओढला तर कोपरातलं हाड जागचं सरकू शकतं. डॉक्टर त्याला 'नर्समेड्स एल्बो' म्हणतात, म्हणजे मूल सांभाळणाऱ्या बाईचंच नाव त्या दुखण्याला पडलेलं आहे. असं झालेलं मूल हात हलवायचं बंद करतं, कडेला लोंबता ठेवतं. तिनं ओढलं नव्हतं. मुलगा त्याच दुपारी ठोकळे रचत होता. माझा जीव भांड्यात पडला, पण विषय तिथे संपत नव्हता.

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो घेऊन ती खरं म्हणजे आली होती. 2016 साली खारघरच्या एका पाळणाघरातलं सीसीटीव्हीचं चित्रण सगळ्या वाहिन्यांवर फिरलं होतं. सांभाळणारी बाई दहा महिन्यांच्या बाळाला मारताना त्यात दिसत होती. ही तेव्हा शाळेत होती. घरातले सगळे टीव्हीसमोर बसून त्या बाईला शिव्या घालत होते, ते तिला आठवत होतं. "मी तशीच आहे का?"

या प्रश्नाला लगेच "छे, अजिबात नाही" म्हणणं सोपं असतं. ते मी म्हणाले नाही. तिनं केलं ते चुकीचंच होतं. दोन वर्षांच्या मुलाच्या तोंडात जबरदस्तीनं चमचा कोंबणं धोक्याचंही आहे, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. 2015 च्या बालन्याय कायद्यातही, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं त्याला मारहाण केली किंवा विनाकारण यातना दिल्या तर तुरुंगवासाची तरतूद आहे. हे सगळं मी तिला सांगितलं. आणि हेही सांगितलं की राग येणं आणि हात आवळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबद्दल माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक शिकाऊ मुलगी कधी ना कधी रडते. दुसरी थांबवायला शिकता येतं, आणि शिकावंच लागतं.

ती म्हणाली, "पण बाईला राग कसा येतो लहान बाळाचा? आजी म्हणते, मुलं सांभाळायला शिकायचं काय असतं? आम्ही पाच वाढवली, कुठल्या कोर्सला गेलो होतो?"

इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण या एका समजुतीनं या क्षेत्रातल्या मुलींचं फार नुकसान केलं आहे. मुलं सांभाळणं बाईच्या जातीला उपजतच येतं असं एकदा मानलं, की जिला ते अवघड जातं तिच्यातच काही खोट आहे असं ठरतं. मग ती लपवते. आजीनं पाच मुलं वाढवली खरी, पण घरात जाऊ होती, सासू होती, शेजारीण होती. दोन वर्षांची अकरा परकी मुलं एका खोलीत, एका वेळी जेवायला घेऊन आजी कधीच बसली नव्हती. हे कौशल्याचं काम आहे, हे आपल्याच मुंबईत बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी ओळखलं होतं. 1936 साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केलं. पुढे 1945 मध्ये त्या सहकारी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला गेल्या, तिथून कोसबाडला आदिवासी पाड्यांवर. मुलांइतकंच त्यांनी मुलांना शिकवणाऱ्या बाया तयार करण्याकडे लक्ष दिलं. प्रेम आहे एवढ्यावर भागत असतं तर त्यांनी हा खटाटोप केलाच नसता. छोटी ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, कोर्सच्या वहीत ताराबाईंचं नाव पाठ केलं होतं, टीप लिहा म्हणून.

मग आम्ही त्या वरणभाताकडे वळलो. तिला वाटत होतं, मूल खात नाही म्हणजे आपल्याला भरवता येत नाही. मी तिला वजनाचं गणित सांगितलं. पहिल्या वाढदिवसापर्यंत बाळाचं वजन जन्मवेळेच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावते तशी भूकही उतरते. त्याच सुमाराला "नाही" म्हणता येतं हा शोध मुलाला लागतो, आणि ते म्हणायला ताटासारखी सोयीची जागा दुसरी नाही. काय वाढायचं, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं हे मुलाच्या पोटाला ठरवू द्यावं. तिचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. "म्हणजे डबा संपवणं माझं काम नाही?" नाही. समोर ठेवणं आणि शेजारी बसणं तुझं काम.

रागाचं काय करायचं, यावर तीन भेटी गेल्या. मी तिला तो सव्वाबाराचा प्रसंग अगदी सावकाश, मागे मागे जात सांगायला लावला. आवळण्याच्या आधी काय झालं? ओढणीवर घास पडला. त्याच्या आधी? दात घट्ट आवळले होते. त्याच्याही आधी? कान गरम झाले होते, आणि मुलांचा गलका लांबून येतोय असं वाटत होतं. हे कान गरम होणं तिला रोज जाणवत होतं, पण ती इशारा म्हणून त्याच्याकडे बघत नव्हती. आता ठरवलं, कान तापले की हातात जे असेल ते खाली ठेवायचं. वाटी, चमचा, दुपटं, काहीही. हातात तान्हं बाळ असेल तर त्याला पाळण्यात सुरक्षित ठेवून दोन पावलं मागे यायचं. ते रडेल. रडू दे मिनिटभर, रडण्यानं त्याला इजा होत नाही, रागाच्या भरात हलवण्यानं होते. आणि मोठ्यानं म्हणायचं, "ताई, याला घ्या."

हे तीन शब्द म्हणायला तिला सगळ्यात जड गेलं. माझ्यासमोर रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणतानाही आवाज फुटत नव्हता. शिकाऊ मुलीनं मदत मागितली की तिला काम येत नाही असं ठरेल, ही भीती. मी स्पष्टच म्हणाले, शिकाऊ याचा अर्थच तो. तुला एका पूर्ण मावशीच्या जागी उभं केलं ही त्यांची चूक होती, आणि ती तू तुझ्या अंगावर घेतलीस.

नऊ दिवस दडवलेलं सांगायचं बाकी होतं. ते तिनंच सांगावं असं आमचं ठरलं, आणि कधी, तेही. सोमवारी सकाळी, मुलं यायच्या आधी. मोठी ताईंनी ऐकून घेतलं, नोंदवहीत तारीख घालून लिहिलं आणि त्या संध्याकाळी मुलाच्या आईला समोर बसवून सांगितलं. आई संतापली. तिचा संताप रास्त होता. महिनाभर या मुलीनं माझ्या मुलाला भरवायचं नाही, असं ती म्हणाली आणि पाळणाघरानं ते मान्य केलं. छोटी ताई त्या रात्री मला फोन करून खूप रडली. मी तिला समजावलं नाही, नुसतं ऐकलं.

पण मोठी ताईंनी त्याच बैठकीत आईलाही एक गोष्ट सांगितली. 2017 च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, हे पुष्कळांना ठाऊक असतं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटता येतं, हेही त्यातच आहे. ही आई दोन इमारती सोडून काम करत होती आणि जेवणाच्या वेळी एकदाही आली नव्हती. त्या आठवड्यात आली. मुलानं तिच्या हातचाही घास थुंकला. संध्याकाळचा तो मोबाइलवरचा प्रश्न नंतर बंद झाला. आणि एखाद्या मावशी रजेवर असतील तर ऑफिसमधून बदली माणूस आल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत, असं मोठी ताईंनी व्यवस्थापनाकडून कबूल करून घेतलं.

प्रत्येकीला मी "टिकून राहा" म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एका मुलीला हे काम सोड असं मी सांगितलं होतं, आणि तिच्या संस्थेलाही कळवलं होतं. तिचा हात पुन्हा पुन्हा उठत होता, आणि मूल घाबरलं की तिला बरं वाटत होतं. "शिस्त लागली" असं ती म्हणायची. छोटी ताई नऊ दिवस झोपली नव्हती. फरक मला तिथे दिसला.

शेवटची भेट पावसाळ्यात झाली. ठाण्याच्या पुढे गाड्या रखडल्या होत्या, ती तासभर उशिरा, भिजून आली. महिना संपला होता आणि त्या दिवशी मुलाला पुन्हा तिच्या चटईवर बसवलं होतं. काय झालं, मी विचारलं.

"थुंकला," ती म्हणाली. "वरण परत ओढणीवर."

"राग आला?"

"आला ना. कान तापले. वाटी खाली ठेवली." मग थांबून म्हणाली, "त्यानं वाटीतली बटाट्याची फोड उचलली आणि बघत बसला तिच्याकडे. मी पण बघत बसले."

"खाल्ली?"

"नाही हो. शेजारच्याच्या वाटीत टाकली."