मॅडम, ध्यानाला बसलं की टेंशन अजूनच वाढतं!

हे वाक्य मी गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या वेळा ऐकलंय की आता माझ्याकडे सल्ल्याला आलेलं माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच मला अंदाज येतो. हातात मोबाईल असतो, मोबाईलमध्ये एखादं अॅप असतं, त्यात पावसाचा आवाज आणि एक फार गोड बोलणारी बाई असते, आणि समोरचं माणूस अपराधी चेहऱ्यानं सांगतं की सगळ्यांना जमतं, मलाच जमत नाही, डोळे मिटले की डोक्यात बाजार भरतो. त्यात डॉक्टर असतात, रिटायर्ड बँकवाले असतात, बारावीची पोरं असतात. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. खाली जी गोष्ट सांगतेय ती ज्यांची आहे त्यांना विचारून सांगतेय, नाव आणि बाकीचे तपशील बदललेत.

सुलभाताई म्हणू त्यांना. वय सत्तेचाळीस, इंदूरच्याच, माहेर रामबागेतलं आणि सासर सुदामा नगरचं. एका खासगी कॉलेजात अकाउंट्समध्ये नोकरी, नवरा पीथमपूरला फॅक्टरीत, मुलगी बारावीला, घरात एकोणऐंशी वर्षांचे सासरे. तसं बघितलं तर मोठं दुःख कुठलंच नाही, त्यांनी स्वतःच पहिल्यांदा तेच सांगितलं, "मॅडम, तसं सगळं छान आहे हो, बस मी सारखी चिडलेली असते." मग मोबाईल पुढे केला. अॅपवर सलग एक्केचाळीस दिवस. रोज पहाटे साडेपाचला वीस मिनिटं.

"विचार आले की काय करता?"

"काय करणार, ढकलते. म्हणते आत्ता नको, जा. की दुसरा येतो. त्यालाही ढकलते. वीस मिनिटं धक्काबुक्कीच चालते."

"आणि उठल्यावर?"

"उठल्यावर पहिला ओरडा मुलीला."

मला हसू आलं, त्याही हसल्या, आणि मी त्यांना वैद्यबुवांची ती जुनी गोष्ट आठवण करून दिली, औषध घेताना माकड आठवायचं नाही म्हणणाऱ्या. आपल्याकडे लहानपणी सगळ्यांनीच ऐकलेली असते. गंमत म्हणजे १९८७ साली डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं हेच करून बघितलं, फक्त माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं. विद्यार्थ्यांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. आणि नंतर जेव्हा सांगितलं की आता खुशाल करा विचार, तेव्हा आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल जास्तच नाचलं. म्हणजे सुलभाताई एक्केचाळीस दिवस रोज वीस मिनिटं माकडं पाळत होत्या.

इथे माझं मत सांगून टाकते, काही सहकाऱ्यांना पटत नाही पण असो. सजगता, म्हणजे माइंडफुलनेस, म्हणून जे आज विकलं जातं त्यात 'शांत व्हा' यावर फार जोर आहे. पालीत 'सति' म्हणतात, संस्कृतात स्मृती, म्हणजे भान असणं, लक्षात असणं. मन शांत आहे की खवळलंय हा पुढचा प्रश्न, आधी काय चाललंय ते कळलं पाहिजे. मी स्वतः इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलंय, पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी मनातल्या मनात इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात उभं राहून भुट्ट्याचा कीस खात होते. मन भटकणारच. भटकलं हे ज्या क्षणी कळतं तो क्षणच कामाचा, आणि लोक नेमके त्याच क्षणाला 'चुकलं' म्हणून स्वतःला झापतात.

अॅप बंद करायला सांगितलं. तोंड उतरलं त्यांचं, एक्केचाळीस दिवस वाया जाणार ना! म्हटलं पंधरा दिवस फक्त. मोठ्या मुश्किलीनं हो म्हणाल्या.

तिसऱ्या का चौथ्या भेटीत आम्ही बोलत असताना त्यांचा फोन टेबलावर थरथरला. ऑफिसचा मेसेज, वर 'अर्जंट' लिहिलेलं. हात आपोआप पुढे गेला. मी म्हटलं, "एक मिनिट. उचलू नका. आत्ता शरीरात कुठे काय होतंय सांगा."

"काही नाही होत."

"दात?"

त्या थांबल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "दात एकमेकांवर दाबून धरलेत मी."

"कधीपासून?"

"...आल्यापासून बहुतेक."

नंतर कळलं की दाताच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं दाढा झिजल्यात म्हणून, रात्री लावायला गार्डसुद्धा दिलं होतं, ते कपाटात पडून होतं. त्यांना वाटलं दातांचा प्रॉब्लेम दातांचाच असणार. म्हणून माझं सगळं काम शरीरापासून सुरू होतं, विचारांपासून नाही. विचार वकील असतात, काहीही पटवून देतात. जबडा खोटं बोलत नाही.

त्या दिवशी मी विचारलं, दिवसातला सगळ्यात पहिला असा क्षण कुठला, जेव्हा दात आवळले जातात? जरासुद्धा विचार न करता म्हणाल्या, "कचऱ्याची गाडी."

इंदूरच्या बाहेर राहणाऱ्यांसाठी सांगते. २०१७ ला स्वच्छतेत देशात पहिला नंबर आला आणि मग येतच राहिला, त्यामुळे आमच्याकडे सकाळची कचरागाडी हे काही साधंसुधं प्रकरण नाही. गाणं वाजवत येते. ओला वेगळा, सुका वेगळा, डायपर-पॅड वेगळे, मिसळलेलं असलं तर गाडीवाला घेत नाही आणि अख्ख्या गल्लीसमोर ते ऐकून घ्यायचं. सुलभाताईंच्या घरी गाडी येते ती बरोब्बर कुकरच्या तिसऱ्या शिट्टीच्या सुमारास, मुलीचा डबा अर्धा भरलेला, सासऱ्यांचा चहा व्हायचा. लांबून गाणं ऐकू आलं की छातीत धडधड, हातातलं टाकून बादल्यांकडे धाव, वाटेत पायात येईल त्याच्यावर ओरडा.

"गाणं ऐकू आल्यापासून गाडी तुमच्या दारात यायला किती वेळ लागतो?"

"अर्धं मिनिट. फार तर एक."

"मोजलंय?"

अशा बघायला लागल्या माझ्याकडे की ही बाई वेडी आहे का. म्हटलं या आठवड्यात एवढंच करा. गाणं ऐकलं की घड्याळ बघा, एक श्वास सावकाश सोडा, तळपाय जमिनीला टेकलेत ते जाणवू द्या, मग बादली उचला. दारात गाडी आली की परत घड्याळ बघा. ध्यान-बिन काही करू नका.

पुढच्या वेळी आल्या त्या पर्स खाली ठेवायच्या आत बोलायलाच लागल्या. "मॅडम, चार मिनिटं! चार मिनिटं दहा सेकंद! मला वाटलं घड्याळ बिघडलं म्हणून तीन दिवस मोजलं. एक दिवस तर पाच. गाडी कोपऱ्यावरच्या मोठ्या बिल्डिंगपाशी थांबते ना, तिथेच तीन मिनिटं जातात. मी बादल्या घेऊन फाटकाशी जाऊन उभी, आणि गाडीचा पत्ताच नाही. मग करायचं काय? उभी राहिले. समोरच्यांच्या पारिजातकाचा सडा पडला होता. इतकी वर्षं मी ते झाड बघितलेलंच नाही हो."

मी काही बोलले नाही. उगाच बोलून अशा क्षणाची माती करायची नसते, हे कळायला मला प्रॅक्टिसची पहिली दहा वर्षं लागली. त्याच पुढे म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं अशा गोष्टीसाठी धावतेय जी चार मिनिटांनी येणार असते."

खरं सांगते, हे घड्याळाचं मी आधीपासून ठरवून दिलेलं नव्हतं, त्या क्षणी सुचलं, पण तेव्हापासून मी ते कितीतरी जणांना दिलंय आणि फार क्वचित फसलंय. रोजच्या ताणात प्रत्यक्ष कामापेक्षा घाई जास्त असते, आणि शरीराला घड्याळ वाचता येत नाही. गाणं म्हणजे धोका, एवढंच त्यानं शिकून ठेवलेलं असतं. गाणं वाजलं की अॅड्रेनलिन, खांदे वर, श्वास अडकलेला, मग गाडी दारात असो नाहीतर कोपऱ्यावर. श्वास सावकाश सोडायला मी सांगते त्यालाही कारण आहे, श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, मनगटावर बोट ठेवून शांत बसलात तर बऱ्याच जणांना हे स्वतःला जाणवतं. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी वेगस नावाची नस आहे, तिचं हे काम. म्हणून सोडणं लांबवायचं, घेणं आपोआप होतं. एवढ्याला ना पहाटे उठावं लागतं ना गोड आवाजाची बाई लागते.

लोक विचारतात मग अॅप फालतू का? तसं नाही. आज जे सगळीकडे शिकवतात त्याचं मूळ बरंचसं १९७९ सालच्या मॅसॅच्युसेट्समधल्या एका हॉस्पिटलात आहे, जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्यांच्या पेशंटसाठी आठ आठवड्यांचा कोर्स काढला होता. त्यात सुरुवातीला एकच बेदाणा हातात देतात, बघा, वास घ्या, सावकाश चावा. मी इंदुरात बेदाणा कशाला देऊ, मी सांगते छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत किंवा कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे घ्या आणि पहिला घास मोबाईल खिशात ठेवून खा. वरून भुरभुरलेला जिरावन मसाला आधी लागतो की शेव, कांदा कधी येतो, वाफेवरच्या पोह्यांचा मऊपणा कुठे संपतो. फक्त पहिला घास, बाकी प्लेट गप्पा मारत संपवा, आणि जिलेबीच्या वेळी तर मला कोणाकडूनच सजगतेची अपेक्षा नाही.

दुसरा हमखास प्रश्न, मग गोळ्या बंद करू का. नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, चिंतेचा विकार असलेल्या २७६ लोकांवर, त्यात हा आठ आठवड्यांचा कोर्स एसिटालोप्राम या नेहमीच्या गोळीइतकाच उपयोगी पडला, आणि तेव्हापासून ते फॉरवर्ड होऊन माझ्याकडे येतंच असतं. पण त्या लोकांनी दर आठवड्याला शिक्षकासमोर अडीच तास आणि घरी रोज पाऊण तास केलं होतं, अॅपवर पाऊस ऐकला नव्हता. गोळी ज्यांनी दिली त्यांनाच विचारून कमी करायची. आणि ज्यांना डोळे मिटले की जुनं काही भयंकर समोर येतं, किंवा झोप-भूकच गेलीय, जगणंच नको वाटतंय, त्यांनी हे प्रयोग स्वतःवर करू नयेत, सरळ सायकिॲट्रिस्टकडे जावं, रात्री-बेरात्री कोणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

परत सुलभाताईंकडे. मला वाटलं होतं की आता झालं, चार मिनिटं सापडली, हेच मग ऑफिसच्या 'अर्जंट'ला लावू. तेही केलं, त्यातले निम्मे अर्जंट संध्याकाळपर्यंत कोणी विचारतसुद्धा नाही असं निघालं. पण खरी गोष्ट पुढच्या भेटीत आली आणि ती माझ्या लक्षात आली नव्हती, त्यांच्याच आली. फाटकाशी रोज चार मिनिटं उभं राहून राहून त्यांना एक दिवस घराकडे वळून बघावंसं वाटलं. नवरा पेपर वाचतोय, मुलगी फोनवर, सासरे गॅलरीत.

"मॅडम, चार माणसं राहतात त्या घरात. गाणं फक्त मलाच ऐकू येतं का?"

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण सजगतेच्या नावाखाली बायकांना अजून सोसायला शिकवलं जातं अशी मला भीती वाटते. श्वास सोडा, शांत राहा, आणि आहे ते सगळं एकटीनं ओढा. मी तसं शिकवत नाही. भान आलं की आधी स्वतःचा जबडा दिसतो, मग झाड दिसतं, आणि मग पेपर वाचणारा नवराही दिसतो, तो दिसायलाच हवा. घरी बोलायचं कसं यावर आमच्या दोन भेटी गेल्या, त्यातली एक तर नुसती तालीम होती, मी नवरा झाले होते. 'तुम्ही कधीच काही करत नाही' हे वाक्य काढून टाकलं आणि 'सोमवारपासून बादल्या तुमच्या' हे ठेवलं. नवरा म्हणे इतकंच म्हणाला, अगं मग आधी सांगायचंस ना. त्यावर मात्र त्यांनी तीन श्वास सोडले.

आता त्या येत नाहीत, गरज नाही. दाढांचं गार्ड कपाटातून बाहेर आलंय, मुलीवर ओरडणं बंद झालेलं नाही पण रोजचं राहिलेलं नाही. अॅप परत लावलं का ते मी विचारलं नाही. मागच्या आठवड्यात सकाळी सकाळी मेसेज आला, "आज ह्यांनी चहाचा चोथा सुक्यात टाकला, गाडीवाल्यानं बादली परत दिली, अख्खी गल्ली बघत होती. मी गॅलरीत बाबांबरोबर चहा पीत होते."