रांग संपेपर्यंत

चि. …,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आला. मी जागीच होते, पण उत्तर दिलं नाही. एवढं सगळं अंगठ्याने टाइप करणं मला जमत नाही, म्हणून हा कागद. अक्षर लावून वाच.

‘ताई, रांगेवर उभं राहून मी खगोलशास्त्र विसरायला लागलोय,’ असं तू लिहिलंयस. (आईच्या वयाच्या बाईला ताई म्हणायची आपल्या आकाशदर्शन मंडळातली पद्धत कुणी पाडली कोण जाणे, पण मला आवडते.) तक्रारी खऱ्याच आहेत. दुर्बिणीत डोकवायला दोनेकशे माणसं, प्रत्येकाला दहा सेकंद. ‘चंद्रावरचा झेंडा दिसतो का?’ हे वीस वेळा. यंदा शनीची कडी सुईसारखी दिसतात, त्यामुळे ‘पुस्तकातल्यासारखं नाही दिसत’ हे चाळीस वेळा. आणि तिकडे मृगातल्या तेजोमेघावर लावलेल्या तुझ्या कॅमेऱ्यासमोर कुणीतरी मोबाइलची टॉर्च मारली. सगळं समजलं.

एक गोष्ट मात्र तू लिहिली नाहीस, ती मी लिहिते. नऊ वाजता रांगेतल्या शेवटच्या दहा-बारा जणांना तू सांगितलंस, ‘शनी खाली गेला, आता दिसणार नाही.’ मी चंद्राच्या दुर्बिणीवर होते. हात लांब धरून मोजलं तर शनी डोंगराच्या चांगला मूठभर वर होता. माणसं ‘बरं बरं’ म्हणत निघून गेली आणि तू कॅमेऱ्याकडे गेलास.

टेम्पोत मी काही बोलले नाही, कारण बोलायचा अधिकार मला कितपत आहे याचा विचार करत होते.

६ जून २०१२. शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे शुक्र सूर्यबिंबासमोरून सरकत जाणं. २००४ चं माझं बँकेच्या काउंटरवर गेलं होतं. सकाळी पावणेअकरा ते संध्याकाळी पाच, म्हणजे नेमका कामाचा दिवस, आणि साहेबांनी रजा दिली नाही. म्हणून २०१२ साठी तीन महिने आधी रजा टाकून ठेवली होती. सूर्य उगवला तोच अंगावर शुक्राचा काळा ठिपका घेऊन. शाळेच्या मैदानात सहा इंची दुर्बीण, तोंडाला फिल्टर, समोर रांग. ढग येत-जात होते. दहाच्या सुमारास शुक्र सूर्याच्या कडेला आतून टेकणार होता, आणि ती वेळ सेकंदासकट टिपायची हे मी आठ वर्षं मनाशी धरून बसले होते. पावणेदहाला मी रांग थांबवली.

रांगेत पुढेच एक बाई होती. एका घरचं धुणंभांडं उरकून दुसऱ्या घरी निघालेली, बोटाला सात-आठ वर्षांची पोर. म्हणाली, ‘ताई, पोरीला तरी दाखवा.’ मी म्हटलं, ‘थांबा जरा, महत्त्वाचं काम चाललंय.’

मला वेळ मिळाली. वहीत आहे, तास, मिनिट, सेकंद. त्या क्षणी शुक्राचा ठिपका कडेला चिकटून थेंबासारखा ओघळतो, त्यामुळे कुणाचीच वेळ नेमकी येत नाही. कॅप्टन कुकचं पथक १७६९ मध्ये ताहिती बेटावर याच थेंबाने हैराण झालं होतं. माझी नोंद कुणाला हवी होती? कुणालाच नाही. त्यानंतर शुक्राला सूर्याबाहेर पडायला जेमतेम अठरा मिनिटं होती. ढग आला तो सगळं संपल्यावरच हलला. मायलेकी त्याआधीच गेल्या होत्या, दुसऱ्या घरची भांडी वाट बघत होती.

पुढचं अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे. ती पोर आता विशीत असेल. हिशेब तूच कर.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे, आणि तो तू माझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलायस की मागे माझी नक्कलही केली होतीस. रांग संपेपर्यंत दुर्बीण हलवायची नाही. प्रमुख पाहुण्यांसाठी नाही, फोटोसाठी नाही, आपल्या आवडत्या दीर्घिकेसाठी तर नाहीच.

या नियमापायी मंडळाचं एक मैदान गेलं, हे तुला कुणी ना कुणी तिखटमीठ लावून सांगितलं असेलच. उद्घाटनाला आलेले पुढारी आपल्या माणसांसकट थेट दुर्बिणीशी आले. मी म्हटलं, ‘साहेब, रांग तिकडून आहे.’ पुढच्या वर्षी मैदानाची परवानगी मिळाली नाही. कार्यकारिणीत दोन तास माझी खरडपट्टी निघाली. एवढ्याशा गोष्टीवरून मुलांचं नुकसान केलं म्हणाले. केलं असेल. पण त्या रात्री पुढाऱ्यांच्या पुढे चौदावा नंबर होता एका वॉचमनचा, आणि त्याने चौदाव्या नंबरालाच गुरू पाहिला. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच म्हणेन. आवाज कदाचित थोडा खाली ठेवीन.

आता तुझ्या त्या साडेसातीवाल्या गृहस्थाकडे येते. ‘शनीसाठी खडा कुठला घालू?’ म्हणाला आणि तू हसलास. हसायचं नाही रे! तू ठाण्याचा, इंजिनीअर, अंधश्रद्धेवर तावातावाने बोलणारा. तो दिवसभर राबून, गार वाऱ्यात तासभर उभा राहून शनीपर्यंत आला. आधी दाखव. मग सांग की शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा, म्हणून एका राशीत अडीच वर्षं. तीन राशींची साडेसात. साडेसाती हा आकडा आकाशातूनच आलाय. पुढे तो खडा घालतो की नाही, हे त्याचं त्याला ठरवू दे. पण ज्या ग्रहाला तो घाबरतो, तो त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला असेल. यापलीकडे आपल्या हातात काय आहे?

आणि ती ‘ढकलगाडी’. आपल्या डॉब्सोनियनला तू असं म्हणतोस तेव्हा माझ्या डोक्यात जातं. जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोला आणि मग सॅक्रामेंटोला वेदान्त सोसायटीच्या मठात साधू होते. जहाजाच्या खिडकीची जुनी काच घासून आरसे करायचे, दुर्बीण गल्लीत न्यायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवायचं. मठातली गैरहजेरी वाढत गेली आणि १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. त्यानंतरही फुटपाथवर दुर्बीण लावणं काही सुटलं नाही. त्या सोप्या, लाकडी, हाताने ढकलायच्या बैठकीला आज जगभर त्यांचं नाव आहे. तुझ्या मोटारवाल्या माउंटचा मला राग नाही. पण रांगेसाठी ढकलगाडीच लागते.

ती नीट चालवायचीही एक कला आहे, आणि ती तुला अजून आलेली नाही. राग मानू नकोस. मोटार नसली की ग्रह दोन-तीन मिनिटांत नेत्रिकेतून सरकून जातो, म्हणून दर चौथ्या माणसानंतर आपण डोळा लावायचा. परवा मी तपासलं तेव्हा तुझ्या दुर्बिणीत काळंकुट्ट आकाश होतं आणि पाच जणी ‘छान, छान’ म्हणून गेल्या होत्या. माणसं भिडेपोटी ‘दिसलं’ म्हणतात, आजीबाई तर हमखास. विचारायचं, ‘गुरूशेजारी ठिपके किती? डावीकडे की उजवीकडे?’ गडबडली की पुन्हा लावून द्यायचं, न रागावता. काजळाने नेत्रिका माखते, त्यासाठी मऊ फडकं खिशात ठेवायचं. लहान मुलं आधार म्हणून नळीच धरतात, त्यांना हात पाठीमागे बांधायला सांगायचं. बोटाने ग्रह दाखवून झाला तरी काही जण फाइंडरलाच, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीलाच, डोळा लावतात. ठीक आहे, लावतात.

मी निरीक्षणाच्या विरुद्ध नाही. मंडळात काहींनी तसं पसरवलंय. चल, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदींचं अमेरिकन मंडळ १९११ पासून हौशी लोकांच्या डोळ्यांवर चालतंय. २०२० च्या सुरुवातीला मृगातली काक्षी (बेटेलज्यूज) मंदावली तेव्हा माझ्याही वहीत आठ ओळी आल्या. वही मात्र एकेचाळीस नोंदींवर थांबली. आमच्या वेळच्या वांगणीच्या आकाशदर्शनाच्या रात्रींतून दोघं संशोधक झाले. मी बँकेत राहिले आणि अमावस्येला दुर्बीण उचलत राहिले. मलाही कधी वाटतं की आणखी शंभर ओळी लिहायला हव्या होत्या. पण वर्षाला वीस कार्यक्रम केले, आणि त्या बाईनंतर माझ्या दुर्बिणीवरून कुणी न बघता परत गेलं नाही. ढगांमुळे गेले असतील, ते माझ्या खात्यावर धरत नाही.

तू रांग सोडावीस की मंडळ, हे मी ठरवणार नाही. फोटो हवे असतील तर काढ, चांगले काढतोस. पण खोटं सांगून कुणाला परत पाठवायचं असेल, तर आधीच सांग, तुझ्या जागी मी दुसरं माणूस बघते.

येत्या अमावस्येला वांगणी. बदलापूरचा उजेड वायव्येला बराच चढलाय, तरी मध्यरात्रीनंतर पूर्व बरी असते. गावातली माणसं अकरापर्यंत येतील. शेवटचा माणूस घरी गेला की मोठी दुर्बीण पहाटेच्या लोकलपर्यंत तुझी, सिंह-कन्येतल्या दीर्घिका हव्या तेवढ्या बघ. मी चहा करीन आणि एक शब्द बोलणार नाही.

मुलांसाठीचं स्टूल तू आण. मंडळाच्या स्टुलाचा एक पाय हलतो.

तुझी,
ताई