‘घाबरून जाऊ नये’ आधी खोड

प्रिय डॉक्टरीणबाई,

गावातल्या काविळीवरच्या तुझ्या जाहीर सूचनेचा मसुदा वाचला. पहिलंच वाक्य ‘नागरिकांनी घाबरून जाऊ नये’. आधी ते खोड.

२००९च्या ऑगस्टमध्ये हेच वाक्य मी रिक्षाच्या भोंग्यावरून फिरवलंय. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ तारखेला पुण्यात झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर नाकाला रुमाल बांधलेल्यांची रांग लागली. एका बाईनं माझी रिक्षा अडवली. कडेवर तापलेलं पोर. ‘घाबरायचं नाही ते समजलं, पण याला नेऊ कुठं?’ माझ्या कागदावर ते नव्हतंच. भोंगा बंद केला, एवढंच. (त्या वाक्याची चीड तुझ्यावर निघतेय, सोसून घे.)

तुझी अडचण कळते. गावात काविळीचे रुग्ण, पाण्याचा अहवाल यायचाय आणि वरून निरोप, ‘परिस्थिती नियंत्रणात’ लिहा. अगं, पाण्यातून होणारी कावीळ हिपॅटायटिस ए असो वा ई, दूषित पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला निदान २ आठवडे जातात, कधी ६-७. उद्या फुटकी पाइपलाइन जोडली तरी महिनाभर नवे रुग्ण येणारच. मग खोटी कोण ठरणार? तूच. म्हणून आजच सांगून ठेव की रुग्ण अजून वाढतील, ते आधी प्यायलेल्या पाण्याचे. अहवाल आला नाही तर ‘आला नाही’ म्हण, पुन्हा कुठल्या वारी सांगणार तेही म्हण. काय करायचं ते मात्र ठासून सांग: पाणी खळखळून उकळा, गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना. ‘ई’ निघाला तर तिच्या जिवावर बेततं.

‘माहीत नाही म्हटलं तर लोक बुवाकडे जातील,’ म्हणतेस. जातातच. तो रुग्णाच्या गळ्यात माळ घालतो, चुन्याच्या पाण्यात त्याचे हात धुऊन पिवळं पाणी दाखवतो. त्याच्याइतकं छातीठोक बोलायला जाऊ नकोस, हरशील. जलसुरक्षकाला (गावचं पाणी तपासणारा) घेऊन शेवटच्या नळावर जा, बायांसमोर ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून क्लोरीनची तपासणी, कर. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नाही झालं तर तिथंच, सगळ्यांदेखत, ‘नाही’ म्हण.

सरपंच चिडतील. माझ्यावरही चिडायचे. या हट्टापायी दोन मेमो घेतले, बढती लांबली. साहेबांशी जरा गोडीनं बोलायला हवं होतं, हे मान्य. पण मेमो ज्यासाठी मिळाले त्यात मी बरोबर होतो, आजही म्हणतो.

रात्री मजकूर पुन्हा पाठव. ते वाक्य दिसलं तर पुढचं वाचणार नाही.

तुझा,
सर