ट्यूब उलटी कर आणि वाच

अरे बाळा,

परवा संध्याकाळी तू माझ्या मेडिकलच्या काउंटरवर आलास, तोंडाला रुमाल बांधलेला, आणि हळूच म्हणालास, काका ती गोरं व्हायची नेहमीची ट्यूब द्या. मी नाही म्हटलं. मग तू रुमाल खाली केलास आणि जे विचारलंस ते अजून डोक्यातून जात नाहीये. "लावली की चेहरा शांत असतो, दोन दिवस सोडली की आग आग होते, लाल होतो, मग ट्यूब वाईट कशी?" मागे एक आजोबा बीपीच्या गोळ्यांसाठी ताटकळत होते, मी तुला धड उत्तर दिलं नाही. आणि पायरी उतरताना तू म्हणालास, "मग तुम्ही इतकी वर्षं कशी विकली?" त्याचंही उत्तर दिलं नाही. म्हणून हे लिहितोय, लांबलं तरी पूर्ण वाच.

गोऱ्या रंगात काय ठेवलंय, विठोबा पण काळाच, असलं काही मी सांगणार नाही. ते तुला माहितीये आणि ते ऐकून ग्रुप फोटोत तुझे फक्त दात दिसतात म्हणणारी रूमवरची पोरं काही गप्प बसत नाहीत. मला एकच सांगायचंय. ट्यूब उलटी कर आणि मागची बारीक अक्षरं वाच. दीड वर्ष लावतोयस, एकदा तरी वाचलंस का?

तिथे तीन नावं आहेत. हायड्रोक्विनोन, ते कातडीत रंग तयार होणं दाबतं. ट्रेटिनॉइन, त्याने कातडी भराभर बदलते आणि ऊन सोसवत नाही. आणि मोमेटासोन, हे स्टिरॉइड, म्हणजे सूज-लाली दाबणारं औषध. हे तिन्ही मिळून वांगाच्या डागासाठीचं औषध आहे, डॉक्टर सांगेल तितकेच आठवडे, रात्री, फक्त डागावर लावायचं. तू ते स्नो फासावा तसं सगळ्या तोंडाला, सकाळ-संध्याकाळ, आणि वर उन्हात बाईक.

आता तुझा प्रश्न. स्टिरॉइडने रक्ताच्या बारीक नळ्या आवळल्या जातात म्हणून पहिल्या आठ-दहा दिवसात माणूस उजळ दिसतो, सगळे म्हणतात वा. पुढे कातडी पातळ होत जाते, गालावर लाल रेषा उठतात, मुरुमं येतात, नको तिथे केस येतात. आणि सोडलं की त्याच नळ्या एकदम फुलतात, तीच तुझी आग. म्हणजे ट्यूब तुला शांत करत नाहीये रे, तिने लावलेली सवय तीच भागवतेय. दारू सोडताना हात थरथरतात म्हणून दारूला कोणी औषध म्हणतं का?

हे मला पुस्तकातून कळलं नाही. डिप्लोमा होता, लायसन्स भिंतीवर होतं, तरी कळलं ते माझ्या धाकट्या बहिणीमुळे. तिला स्थळं येत होती, दोन ठिकाणी रंगावरून अडलं, आई रडायला लागली आणि मी, शहाणा भाऊ, दुकानातून बीटामेथासोनची ट्यूब घरी नेऊन दिली. महिन्याभरात फरक पडला, लग्न जमलं, ट्यूब तिच्यासोबत सासरी गेली, संपली की माझ्याकडूनच जायची. चार वर्षांनी दिवाळीला आली तेव्हा भाकरी करताना बघितलं. एक भाकरी टाकायची, मागे सरकायची, पदराचं टोक पाण्यात बुडवून गालावर दाबायची, मग उलटायची. पुन्हा पदर, पुन्हा गाल. चुलीची धग तिला सोसत नव्हती. मला कधी एका शब्दाने बोलली नाही, ते जास्त लागतं.

आणि तुझा दुसरा प्रश्न, कशी विकली. सगळेच विकायचे. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा माणूस यायचा, दहावर दोन फ्री म्हणायचा, लोक पार्लरवालीने लिहून दिलेला कागद आणायचे, मी नाही दिली तर पुढचा देणार होता. मार्च २०१८ मध्ये सरकारने १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत म्हणून, तेव्हापासून मी बंद केली. हे सगळं खरं आहे. पण कायदा येईपर्यंत मी कोणाची वाट बघत होतो हे मला अजून स्वतःला सांगता येत नाही, कारण वाचता मला येत होतं. गिऱ्हाईकाला येत नव्हतं, मला येत होतं.

म्हणून तुझ्या मागे लागलोय. वाच. नावाच्या शेवटी सोन किंवा सॉल आलं, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, की समज स्टिरॉइड आहे. बहुतेक वेळा एवढ्यावर कळतं.

आणि ती दुसरी डबी, मित्र ऑनलाइन मागवतो म्हणालास, बाहेरच्या देशातली, स्टिरॉइड नाही म्हणे. तिच्यावर आत काय आहे ते लिहिलंय का? नाही ना? मग विषय संपला. असल्या डब्यांत पारा निघतो. पारा पण रंग तयार होऊ देत नाही, म्हणून तर घालतात, आणि तो कातडीतून आत जाऊन किडनीत बसतो. २०२३ च्या सुरुवातीला पेपरात होतं, अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या किडन्या सुजल्या, तिघी एकच क्रीम वापरायच्या, मुंबईला केईएमच्या डॉक्टरांनी क्रीम तपासायला लावलं तर पारा. केरळात मलप्पुरमकडे डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ मध्ये किडनीच्या एका आजाराचे २२ पेशंट बघितले, त्यातल्या १५ जणांत आजाराचा एक खास प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण रंग उजळायची क्रीम लावत होते. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्याखाली नाहीतर पायावर सूज दिसते. मित्राला विचार त्याला असं काही होतंय का. आणि त्याचा टॉवेल, उशी वापरू नकोस, पारा तसाही पसरतो.

आता कामाचं. आजच्या आज ट्यूब फेकू नकोस. माझं ऐकून एकदम सोडशील, तिसऱ्या दिवशी चेहरा पेटेल आणि तू दुसऱ्या मेडिकलमधून आणशील, मला माहितीये, तू परवा तिकडूनच घेतली असशील. स्किनच्या एमडीकडे जा, पैसे नसतील तर सरकारी हॉस्पिटलची चर्मरोग ओपीडी आहे. कमी कशी करायची, मधल्या काळात काय लावायचं ते ते सांगतील. आठवडे लागतील, कदाचित महिने. तिथे लाजून खोटं बोलू नकोस, दीड वर्ष म्हणजे दीड वर्ष सांग.

रविवारी दुकान दुपारपर्यंतच असतं, शटर अर्धं ओढलेलं असलं तरी मी आत असतो. ऊन चढायच्या आत ये, टोपी घालून ये. ट्यूब आण, ती डबी पण आण. माझ्यासमोर बसून मोठ्याने वाचायचंय तुला.

काका